रक्तदाब, सर्पगंधा आणि 'टेन्शन'

आपल्याकडे कुणाचा रक्तदाब वाढला असे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढं कसलं टेन्शन घेतलंस रे?" मग घरचे, शेजारचे, नात्यातले असे सगळे मिळून कारण शोधायला लागतात. मुलीचे लग्न, कोर्टात अडकलेली जमीन, पडलेले कांद्याचे भाव, काहीतरी सापडतेच. एकदा कारण सापडले की सर्वांचे समाधान होते. आणि समजा नाहीच सापडले, तर "मुळात स्वभावच तापट" असा शेरा मारून प्रकरण निकालात निघते. नाशिकमध्ये पन्नासेक वर्षे मी हेच ऐकत आलो आहे.

मी डॉक्टर नाही. शाळेत इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. त्यामुळे कुणी गोळी कोणती घ्यावी हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण एखादी समजूत लोकांच्या मनात कशी रुजली याचा माग काढणे हा इतिहासाच्या मास्तरांचा जुना छंद. 'बीपी म्हणजे मनाचा आजार' ही समजूत आपल्यात कुठून आली आणि प्रत्यक्षात शरीरात काय चालते, हे गेली काही वर्षे मी मिळेल तिथून वाचत आलो. त्यातले जेवढे मला नीट उमगले तेवढे इथे मांडतो.

सुरुवात शब्दापासून करू. डॉक्टरांच्या 'हायपरटेन्शन' या शब्दातले 'टेन्शन' आणि आपण रोज घेतो ते 'टेन्शन' यांचा एकमेकांशी संबंध नाही. पूर्वीचे वैद्यकतज्ज्ञ नाडीवर बोट ठेवून धमनीची भिंत किती ताणलेली आहे ते पाहत आणि त्याला 'टेन्शन' म्हणत. बैलगाडीच्या दोराला असतो तसला हा ताण. मराठीत तर आणखीच घोटाळा, कारण आपला 'ताण' हा शब्दही दोराला चालतो आणि मनालाही चालतो. त्यामुळे कागदावर 'हायपरटेन्शन' दिसले की 'खूप चिंता करणारा माणूस' असाच अर्थ आपण लावतो. सुशिक्षित घरांतूनही लावतो.

याच आजाराच्या नावात आणखी एक फसवा शब्द आहे, 'इसेन्शियल हायपरटेन्शन'. ज्या रक्तदाबाचे एकच असे कारण सापडत नाही त्याला हे नाव मिळाले, आणि बहुसंख्य रुग्ण याच प्रकारात मोडतात. 'इसेन्शियल' म्हणजे आवश्यक. वय झाले, धमन्या कडक झाल्या, की त्यांतून रक्त पुढे ढकलायला दाब जास्त लागणारच, तेव्हा तो उगाच कमी करायला जाऊ नये, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामवंत डॉक्टर मानत. इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा फुगा बनवला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढायची रीत सांगितली. म्हणजे आकडा मोजता येऊ लागला, पण तो मोजून करायचे काय हे पुढची चाळीस वर्षे कुणाला फारसे ठाऊक नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. शेवटच्या त्या काही तासांत त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला द्यायला तेव्हा चांगले औषध नव्हते.

आपल्याकडे मात्र एक मुळी होती. सर्पगंधा. मराठीत अडकई, हरकी अशीही तिची नावे आहेत. उत्तर हिंदुस्थानात तिला चक्क 'पागल की दवा' म्हणत, कारण भ्रमिष्ट आणि उसळलेल्या माणसाला शांत झोपवण्यासाठी तिची पूड देत असत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या वनस्पतीवर एक लेख प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच वेड आणि उच्च रक्तदाब हे दोन विकार शेजारी शेजारी बसवलेले होते, दोन्हींवर एकच नवे हिंदी औषध म्हणून! आपल्या समजुतीची एक मुळी इथे आहे असे मला वाटते. जे औषध वेड्याला शांत करते तेच रक्तदाब उतरवते, तर मग रक्तदाब हाही डोक्याचाच प्रकार असला पाहिजे, असा हिशेब सामान्य माणसाने केला तर त्यात त्याचे काय चुकले?

पुढची कथा मुंबईची आहे आणि प्रत्येक मराठी माणसाला ती ठाऊक असायला हवी. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे पारशी डॉक्टर, जन्म १९११ चा. लंडनला शिकून परत आले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयविकाराचे काम करू लागले. सर्पगंधा त्यांनी अनेक वर्षे रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये पन्नास रुग्णांवरचा आपला अभ्यास छापला. तो वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी मागवून वापरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले. तेच 'रेसर्पिन'. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल याच पुरस्काराचे नाव घेतात. पुढे 'अ‍ॅडेल्फेन' या नावाने रेसर्पिन असलेली गोळी भारतातल्या कितीतरी घरांत पोचली. आपल्या आजोबा-आजींच्या औषधाच्या डब्यात ती होती की नाही ते एकदा विचारून पाहा.

आता खरी गंमत पुढे आहे. रेसर्पिन रक्तदाब उतरवते ते 'चिंता घालवून' नव्हे. १९५० च्या दशकात हे हळूहळू उलगडत गेले. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी अगदी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब वाढतो. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. कोठारच रिकामे, मग आवळणार कोण? मेंदूतल्या पिशव्याही अशाच रिकाम्या होतात, म्हणून माणूस सुस्त आणि शांत होतो. (याच धाग्यावर काम करून स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी मेंदूतील डोपामिनचे महत्त्व दाखवले. त्यांना २००० साली नोबेल मिळाले.) म्हणजे मन शांत होणे आणि दाब उतरणे हे एकाच मुळीचे दोन परिणाम. एकामुळे दुसरे घडत होते असे नाही. आपण मात्र एकाला दुसऱ्याचे कारण मानून बसलो.

या समजुतीने प्रत्यक्षात काय होते ते आमच्याच घरात घडले. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, सिन्नर तालुक्यातल्या शेतकरी घरात दिली होती. आवाज चढवून बोललेली मी तिला कधी पाहिली नाही. पंचेचाळिशीत तिचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि नात्यागोत्यात चर्चा सुरू झाली. एवढी शांत बाई, तिला बीपी? म्हणजे घरात नक्की काहीतरी जाच असणार! तिची सासू तर तेव्हा गावभर शपथा घेत फिरायची, की आम्ही सुनेला कधी वावगा शब्द बोललो नाही. भाऊजी चांगले होते, पण तेही उगाच अपराध्यासारखे वागू लागले. रक्तदाबाचा आकडा हा जणू त्या कुटुंबावरचा आरोपच ठरला होता. पुढे १९९४ मध्ये भाच्याला नोकरी लागली. सगळे म्हणाले, आता कसलं टेन्शन उरलं नाही. अक्कालाही ते पटले आणि तिने गोळ्या बंद केल्या. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, झोपही लागत होती. पाचव्या महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतर ती आठ वर्षे जगली, पण एक पूर्ण वाक्य तिच्या तोंडून पुन्हा निघाले नाही.

मन शांत होते आणि दाब चढलेलाच होता. मग तो चढवत होते कोण?

याचे उत्तर शोधायला माणसाने सव्वाशे वर्षे घेतली आहेत. १८९४-९५ मध्ये इंग्लंडमधले जॉर्ज ऑलिव्हर हे डॉक्टर आणि प्राध्यापक शेफर यांनी दाखवून दिले की अधिवृक्क ग्रंथीचा अर्क रक्तात गेला की रक्तदाब एकदम उसळतो. अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी. त्यांतून येणारे अ‍ॅड्रिनॅलिन आज सर्वांना नावाने तरी माहीत असते. राग, भीती, धावपळ यांत ते सुटते आणि दाब चढतो हे खरेच आहे. मनाचा वाटा काहीच नाही असे माझे म्हणणे नाही. वर्षानुवर्षे अपुरी झोप आणि काळजी यांचाही हिशेब शरीर ठेवते. पण रागाने चढलेला दाब राग गेल्यावर बहुधा उतरतो. रात्रंदिवस, शांतपणी, झोपेतसुद्धा चढलेला राहणारा दाब हा वेगळा प्रकार आहे, आणि त्याचे कारभारी दुसरीकडे बसलेले असतात.

त्यातला पहिला कारभारी मूत्रपिंड. १८९८ मध्ये स्टॉकहोमचे टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा दाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी 'रेनिन' नाव दिले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हा शोध धूळ खात पडला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने थोडी आवळली, आणि त्या कुत्र्यांना कायमचा उच्च रक्तदाब जडला. कुत्र्यांना ना कर्ज होते ना मुलीचे लग्न!

हे कसे घडते ते आपल्या नाशिकच्या भाषेत सांगतो. बागलाण आणि धुळे भागात जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याचे पाणी पाटाने यायचे आणि कुणाच्या वावरात किती पाणी सोडायचे हे पाटकरी ठरवायचा. मूत्रपिंड हा शरीरातला पाटकरी समजा. आपल्या पाटात पाणी कमी येते आहे असे त्याला वाटले की तो रेनिन सोडतो. रेनिन यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते. फुप्फुसांतले एक विकर त्या तुकड्याला आणखी छाटते आणि 'अँजिओटेन्सिन-२' तयार होते. हे द्रव्य दोन कामे करते. एक, रक्तवाहिन्या आवळते. दोन, अधिवृक्क ग्रंथीला निरोप देते, आणि तिथून 'अल्डोस्टेरॉन' नावाचे संप्रेरक निघते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगते, मीठ बाहेर टाकू नकोस, धरून ठेव. मिठाबरोबर पाणी थांबते. वाहिन्या आवळलेल्या आणि आत पाणी जास्त, मग पाटातला दाब वाढणारच. पाण्याची खरीच टंचाई असेल, जुलाब झाले असतील, रक्त गेले असेल, तर हीच व्यवस्था प्राण वाचवते. पण टंचाई नसताना पाटकरी टंचाईचा कारभार करू लागला की आजार होतो.

अल्डोस्टेरॉन वेगळे काढले गेले १९५३ मध्ये. दोनच वर्षांत, १९५५ साली, अमेरिकेत मिशिगनचे जेरोम कॉन यांनी एका चौतीस वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा रक्तदाब वाढलेला, स्नायू अशक्त, रक्तातले पोटॅशियम फार उतरलेले. तिच्या अधिवृक्क ग्रंथीवर एक गाठ होती आणि ती गाठ भरमसाट अल्डोस्टेरॉन ओतत होती. गाठ काढली आणि दाब उतरला. हा विकार दुर्मीळ असे पुष्कळ वर्षे मानले जाई. आता तज्ज्ञ म्हणतात, तो बराच आढळतो, फक्त शोधला जात नाही. विचार करा, अशा किती बायकांना "शांत राहा, देवाचं नाव घ्या" एवढेच सांगून घरी पाठवले गेले असेल!

सर्पगंधेनंतर रक्तदाबाच्या इतिहासात पुन्हा एकदा साप येतो, तोही प्रत्यक्ष. १९६० च्या दशकात ब्राझीलच्या सर्जियो फेरेरा यांनी तिकडच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास केला. हा साप चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. त्या विषातले काही घटक फुप्फुसातल्या त्या छाटणी करणाऱ्या विकरालाच अडवतात असे दिसून आले. त्यावरून अमेरिकेत 'कॅप्टोप्रिल' हे औषध घडवले गेले आणि १९८१ मध्ये ते वापरात आले. आज तुमच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल, तर ती याच साखळीची एखादी कडी अडवते आहे असे समजा. ती गोळी टेन्शनची नाही. टेन्शन संपले म्हणून ती बंद करण्यात काही अर्थ नाही, तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

आता दुसरा कारभारी. चयापचय, म्हणजे खाल्लेल्या अन्नाचा शरीरात जो जमाखर्च चालतो तो. मधुमेह आणि रक्तदाब ही भावंडे एकाच घरात का राहतात, हा प्रश्न कित्येक वर्षे होता. १९८८ मध्ये अमेरिकेच्या जेराल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात या दोघांना बांधणारा धागा ठळकपणे मांडला. इन्सुलिन आपण फक्त साखरेशी जोडतो. पण शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतते, आणि रक्तात वाढलेले हे इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते, मज्जातंतूंची ती आवळणारी यंत्रणाही जागी ठेवते. वर पोटातली चरबी गप्प बसत नाही. चरबी म्हणजे नुसते साठवणीचे कोठार असे पूर्वी वाटे. १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागल्यावर कळले की चरबीसुद्धा संप्रेरके सोडणारी मोठी ग्रंथीच आहे. रेनिन ज्या प्रथिनाचा तुकडा पाडते, ते प्रथिनही ती थोडेफार बनवते. म्हणजे मीठ, साखर, चरबी यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत नसतात, वही एकच असते.

"पण आमच्याकडे तर काटकुळी माणसंही बीपीची असतात," असे कुणी म्हणेल. खरे आहे. याचे सर्वांत मोठे उदाहरण महात्मा गांधी. त्यांच्या आरोग्याच्या नोंदी २०१९ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'च्या विशेषांकात प्रसिद्ध झाल्या. वजन ४६.७ किलो, उंची ५ फूट ५ इंच. मैलोगणती चालणे, मोजके खाणे, आणि मनावर ताबा किती ते सांगायलाच नको. तरीही २६ ऑक्टोबर १९३७ ला त्यांचा रक्तदाब १९४/१३० होता आणि १९ फेब्रुवारी १९४० ला २२०/११०. स्वभाव तापट म्हणून बीपी, हा नियम लावायचा तर गांधीजींचे काय करायचे?

बारीक माणसांच्या या कोड्यावर मोठे काम झाले ते आपल्या पुण्यात, आणि योगायोग असा की तेही केईएम रुग्णालयातच. परळचे केईएम वेगळे आणि पुण्याच्या रास्ता पेठेतले वेगळे, दोन्हींना नाव मात्र एकाच राजाचे, सातव्या एडवर्डचे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सारखेच दिसणारे दोन गृहस्थ, आतून वेगळे.

हा फरक जन्मापासूनच असतो का? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या आयांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. बहुतेक शेतकामाच्या बाया. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. 'थिन-फॅट' म्हणजे बारीक पण चरबीदार बाळ, असे त्यांनी याला नाव दिले. गर्भात अन्न तुटपुंजे मिळाले की ते पोर टंचाईचा कारभार शिकूनच जगात येते. ज्या आया पालेभाज्या, फळे, दूध खात होत्या त्यांची बाळे मोठी भरली, आणि ज्यांना कष्टाचे काम जास्त त्यांची लहान, असेही याच अभ्यासात दिसले.

याच रुग्णालयात जन्मलेल्या सुमारे पावणेपाचशे मुलांना ती आठ वर्षांची झाल्यावर डॉ. आशिष बावडेकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. सध्याचे वजन हिशेबात धरले, तरी जन्मतः जी मुले कमी वजनाची होती त्यांचा वरचा रक्तदाब अधिक होता आणि शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होते. आजारी म्हणावे एवढा नव्हे, पण अधिक. आणि कमी वजनाने जन्मून नंतर गुटगुटीत झालेल्यांत हे सारे सर्वांत ठळक होते. ही मुले तिसरी-चौथीतली. मी आयुष्यभर त्या वयाची पोरे शाळेत पाहिली आहेत. त्यांना कसले टेन्शन?

हे वाचले तेव्हा मला १९७२ चा दुष्काळ आठवला. सिन्नर, येवला, चांदवड भागात खडी फोडणाऱ्या बाया, त्यांतल्या कित्येक पोटुशी. मिलो ज्वारीची भाकरी आणि सुखडी. त्या वर्षी जन्मलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. नेदरलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांना पुढे मोठेपणी साखर पेलत नाही, असे तिथे तपासून दिसले आहे. आपल्याकडे तर दुष्काळ नसलेल्या वर्षीही एक दुष्काळ घरोघरी होताच. सगळ्यांची पाने उठल्यावर बाई जेवायला बसायची, आणि भांड्यात उरेल ते खायची. अक्काही तशीच जेवायची. आमची आईही.

म्हणून मला असे म्हणायचे आहे, की रक्तदाबाचा आकडा हे कुणाच्या स्वभावाचे प्रगतिपुस्तक नव्हे. तो सुनेच्या सासरवरचा आरोपही नव्हे. त्यात आपल्या मूत्रपिंडांचा, ग्रंथींचा, चरबीचा आणि थोडाफार आपल्या आईच्या ताटाचाही हिशेब उतरलेला असतो. आजारी माणसाला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणे सोपे जाते, कारण त्यात बाकीच्यांना काही करावे लागत नाही. त्यापेक्षा घरातले मीठ कमी करावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते. म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचे, चिवडा, मिसळीवरची शेव हे सगळे धरून. नाशिककरांना जड जाईल, मला ठाऊक आहे! आईवडिलांपैकी कुणाला बीपी असेल तर तिशीपासूनच वर्षातून एकदा फुगा बांधून घ्यावा, काही होत नसले तरी. गोळी सुरू असेल तर आनंदाच्या दिवसातही ती घ्यावी. आणि घरात कुणी पोटुशी असेल तर तिचे पान पहिल्या पंगतीत वाढावे.

असो. लेख लांबला. थायरॉईडचाही रक्तदाबाशी संबंध असतो, पण तो विषय मोठा आहे, त्यावर पुढे कधीतरी सवडीने लिहीन.